शिखरजीपर्यंतचे अंतर



फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण होणार होती. त्याआधीच्या दिवाळीत पुण्याहून मुलगा, सूनबाई आणि नातू सांगलीस आले होते. भगवान महावीरांच्या निर्वाणपूजेहून आम्ही बस्तीतून घरी परतलो, आणि फराळाची ताटे पुढे असतानाच मुलाने विषय काढला.

"बाबा, तुम्ही आणि आईनं आजवर देशाबाहेर पाऊल ठेवलेलं नाही. या वर्षी चार-पाच दिवस कुठंतरी जाऊन या. खर्च माझा, ठिकाण तुम्ही ठरवा."

ठिकाण ठरविण्याचे हे काम मला मनापासून आवडले. सदतीस वर्षे मी बँकेत नोकरी केली. त्यातील काही वर्षे परकीय चलनाच्या टेबलावर गेली. अमेरिकेतील मुलांकडे निघालेले आई-वडील, हळदीच्या आणि बेदाण्याच्या सौद्यांसाठी आखाती देशांत जाणारे आपले व्यापारी बांधव माझ्यासमोर बसत. दिलेल्या चलनाची नोंद त्या काळी पासपोर्टच्या मागील पानावर करावी लागे. दुसऱ्यांच्या किती पासपोर्टांवर मी सही-शिक्का केला असेल, याची गणती नाही. माझ्या स्वतःच्या नावाचा पासपोर्ट मात्र कधी निघाला नव्हता.

तो आता दोघांचाही काढला. साठी ओलांडलेल्यांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात दहा टक्के सवलत मिळते, म्हणजे दीड हजारांऐवजी साडेतेराशे. सौभाग्यवतींच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधारपत्रावर सासरचे, यामुळे विवाह नोंदणीचा दाखला शोधण्यात दोन दिवस गेले. वाचकांपैकी कोणी या वाटेवर असतील त्यांनी तो दाखला आधीच हाताशी ठेवावा. पोलीस पडताळणी झाली आणि दोन निळी पुस्तके टपालाने घरी आली. मी ती कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवली, आणि एक जुने रजिस्टर काढून रकाने आखले.

पहिला रकाना विमानप्रवासाच्या तासांचा. दुसरा व्हिसाचा. तिसरा खर्चाचा. हे तीन रकाने कोणीही आखील. चौथा आणि पाचवा मात्र आपल्या घरांतच आखले जातात. चौथा होता सूर्यास्ताचा. आमच्या घरी रात्रिभोजनाचा त्याग आहे. सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, सौभाग्यवती सोडतात. लंडनला जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि डिसेंबरात दुपारी चारच्याही आधी. सिंगापूर विषुववृत्तालगत असल्याने तेथे बाराही महिने सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही सातच्या आगेमागे होतात. आपल्यासारख्यांनी परदेशाचा महिना ठरविताना हवामानाइतकाच हा हिशेब पाहावा. पाचवा रकाना आहाराचा आणि जिनदर्शनाच्या सोयीचा.

या रजिस्टरात दुबई, सिंगापूर, बँकॉक, काठमांडू आणि मॉरिशस अशी पाच नावे चढली. मॉरिशसची ओढ वेगळीच होती. एकोणिसाव्या शतकात आपल्या मुलखातून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. पण साडेसहा तासांचा प्रवास आणि सौभाग्यवतींचे गुडघे यांचा मेळ बसेना. गुणांची बेरीज केली तेव्हा सिंगापूर पहिले आले आणि दुबई दुसरी.

साताऱ्याच्या मेहुण्यांना हे कळताच त्यांनी दुसऱ्या क्रमांकालाच उचलून धरले. त्यांच्या मित्रांपैकी सहा जोडपी फेब्रुवारीत दुबईला निघाली होती, सोबत जैन आचारी होता. "दाजी, तुम्ही फक्त हो म्हणा. आचारी आपला, माणसं आपली, भाषेचीसुद्धा अडचण नाही." मी हो म्हणालो आणि दोघांच्या नावे वीस हजार रुपये आगाऊ भरले. सौभाग्यवतींना विचारले का, असे कोणी विचारील. मी सांगितले होते, विचारले नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात या दोहोंतील फरक अंगवळणी पडून पुसट होतो.

त्या रात्री आवराआवर झाल्यावर त्या माझ्या टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, तुम्ही जाऊन या. मला येता येणार नाही."

"गुडघ्यांसाठी म्हणतेस? चाकांच्या खुर्चीची सोय असते विमानतळावर."

"गुडघे नव्हेत. माझं दिग्व्रत आहे."

मला काही आठवेना. मग त्यांनीच आठवण दिली. २०१० च्या हिवाळ्यात आम्ही सम्मेद शिखरजीची यात्रा केली होती. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेल्या त्या पर्वताची सत्तावीस किलोमीटरची वंदना त्या वेळी त्यांनी पायी पूर्ण केली. पुढच्या वर्षी सांगलीत आर्यिका माताजींचा चातुर्मास झाला. दशलक्षण पर्वात एके दिवशी पाच-सहा भगिनींनी उभे राहून व्रते घेतली, त्यांत या होत्या. माताजींनी विचारले, "मर्यादा कोठवर?" यांनी सांगितले, "सांगली मध्य धरून सर्व दिशांना शिखरजी जितकं दूर, तितकंच. वर विमान जाईल तेवढं, खाली विहिरीच्या तळाइतकं." मी पुरुषांच्या रांगेत दहा हातांवर बसलो होतो. सप्टेंबरचे दिवस होते आणि माझे मन सहामाही ताळेबंदात होते. पत्नीने जन्मभरासाठी घेतलेले व्रत माझ्या कानांवर पडले आणि तेथूनच परत गेले.

तरुण वाचकांसाठी दोन शब्द लिहितो. पाच अणुव्रतांच्या पुष्टीसाठी श्रावकाला तीन गुणव्रते सांगितली आहेत, त्यांपैकी पहिले दिग्व्रत. दहा दिशांना आपण कोठवर जाऊ याची मर्यादा आखायची आणि ती जन्मभर ओलांडायची नाही. ही मर्यादा सर्वांना ठाऊक असलेल्या खुणांनी आखावी असे आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सांगितले आहे. समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश आणि योजने अशा खुणाही दिल्या आहेत. मर्यादेपलीकडे आपण जाणारच नाही, तेव्हा तेथील सूक्ष्म पापाशीही आपला संबंध उरत नाही. म्हणून त्या क्षेत्रापुरती श्रावकाची अणुव्रते महाव्रतांसारखी होतात, असा त्यामागील विचार आहे. व्यापाऱ्याच्या घरात या व्रताचे मोल अधिक. पलीकडच्या पेठेत कितीही नफा दिसो, आपली वेस ठरलेली आहे, हे त्याने स्वतःच स्वतःला बजावलेले असते.

येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. आपल्या धर्मात समुद्रप्रवासच निषिद्ध आहे, असे काही वडीलधारे अजूनही म्हणतात. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत जैन धर्माची बाजू मांडण्यासाठी वीरचंद राघवजी गांधी गेले, तेव्हा त्यांनाही समाजातील काहींचा विरोध सोसावा लागला. पण ते आहाराचे नियम पाळून राहिले आणि धर्माची कीर्ती वाढवून आले. अडचण समुद्राची नव्हती. माझ्या पत्नीने आपल्या हाताने एक रेषा आखली होती, आणि माझे वीस हजार रुपये त्या रेषेच्या बाहेर भरले गेले होते.

मुलाला फोनवर सांगितले. तो क्षणभर थांबून म्हणाला, "आई, तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. प्रायश्चित्त घेता येत नाही का?" सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "चूक झाल्यावर प्रायश्चित्त असतं बाळा. चूक करायला निघताना नसतं."

मेहुण्यांनी मात्र हार मानली नाही. आम्ही साताऱ्यास गेलो असता आपल्या कापडदुकानाच्या गादीवर बसून त्यांनी तोड काढली. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांभाळलेला माणूस, अडलेले घोडे पुढे काढण्यात त्यांचा हातखंडा. "अक्का, तू उत्तरेला आता कुठं जाणार आहेस? उत्तरेचे हजार कमी कर आणि पश्चिमेला वाढव. एकूण क्षेत्र तेवढंच राहिलं. दुबई बसते बघ."

सौभाग्यवती हसल्या. "दादा, याला शास्त्रात नाव आहे. क्षेत्रवृद्धी. अतिचार आहे तो."

त्यांचे म्हणणे खरे होते. घरी येऊन मी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढला. दिग्व्रताचे पाच अतिचार तेथे दिले आहेत. वरच्या दिशेची, खालच्या दिशेची आणि तिरक्या दिशांची मर्यादा ओलांडणे हे तीन. एका दिशेचे कमी करून दुसऱ्या दिशेचे क्षेत्र वाढविणे हा चौथा. आणि पाचवा, आखलेल्या मर्यादेचा विसर पडणे. आचार्य उमास्वामींना आमच्या साताऱ्याच्या दुकानातील संवाद आधीच ठाऊक असावा, असे वाटले. पाचव्या अतिचारापाशी तर मी बराच वेळ थांबलो. ज्यांचे व्रत होते त्या विसरल्या नव्हत्या. विसरलो होतो मी, साक्षीदार.

आता मला एक गोष्ट कबूल करायची आहे, कारण ती वगळली तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. पुढचे चार दिवस मीही तोड शोधत होतो. व्रतात "शिखरजी जितकं दूर" एवढेच शब्द होते. सांगली ते शिखरजी सरळ रेषेत अंतर सुमारे १,४४० किलोमीटर भरते. पण आम्ही गेलो रेल्वेने, आणि ती वाट वळसे घेत दोन हजार किलोमीटरच्या वर जाते. दुबई सरळ रेषेत सुमारे २,२०५ किलोमीटर आहे. शिखरजीचे अंतर रुळांवरून मोजले आणि दुबईचे आकाशातून, तर दुबई जेमतेम आत ओढता येईल असे दिसू लागले. मला फार आनंद झाला. कागदावर ती दोन मापे मी शेजारी शेजारी मांडली आणि खाली दुहेरी रेघ ओढली.

दुहेरी रेघ ओढताना हात थांबला. मार्चअखेरीस ताळेबंद बरा दिसावा म्हणून एका बाजूला एक माप आणि दुसऱ्या बाजूला दुसरे लावणाऱ्या खातेदारांना मी सदतीस वर्षे परत पाठविले होते. कर्जाच्या करारात एका वाक्याचे दोन अर्थ निघत असतील, तर ज्याला त्यातून लाभ व्हायचा आहे त्याने कडक अर्थ घ्यावा, हे मी नव्या अधिकाऱ्यांना शिकवीत असे. मी तो कागद फाडला. पत्नीला तो दाखविला असता, तर कदाचित माझ्या आनंदाखातर त्या गप्प राहिल्या असत्या, आणि तेच मला अधिक लागले असते.

दुसऱ्या दिवशी दुबईची नोंदणी रद्द केली. आगाऊ रकमेतून बरीच रक्कम कापली गेली. नियमाप्रमाणेच कापली असल्याने त्याबद्दल तक्रार नाही. आधी विचारले असते तर ती वाचली असती.

नाताळच्या सुटीत नातू आला. त्याच्या दप्तरात नकाशांचे पुस्तक होते आणि कंपासपेटी. मी म्हणालो, "चल, आजीचं व्रत काढून बघू." कर्कटकाचे टोक सांगलीवर रोवले, पेन्सिल पारसनाथच्या डोंगरावर टेकवली आणि वर्तुळ फिरविले. सपाट नकाशावरचे वर्तुळ तंतोतंत नसते, म्हणून प्रत्येक जागेचे सरळ अंतर नातवाने फोनवर मोजून पाहिले आणि मी रजिस्टरात उतरविले.

काठमांडू सुमारे १,६३५, बाहेर. बँकॉक २,८००, बाहेर. सिंगापूर ३,६३०, फारच बाहेर. माझ्या रजिस्टरातील पाचही नावांवर काट बसली. कराची आत आली, पण तेथे सहलीला जाण्याचा प्रश्नच नव्हता. दक्षिणेकडे मालदीवची राजधानी माले सुमारे १,४१५ भरली, म्हणजे वर्तुळाच्या आत, पण अवघ्या पंचवीस किलोमीटरांनी. सौभाग्यवती भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "इतक्या काठावर नको. काठावर उभं राहिलं की पाय घसरतो." शिवाय त्या बेटांवर आपल्या आहाराचे हाल झाले असते.

मग नातू ओरडला, "आजोबा, कोलंबो बाराशे पंचेचाळीस!"

मी दोनदा मोजून घेतले. सांगलीपासून दिल्ली सरळ रेषेत सुमारे १,३३५ किलोमीटर आहे. म्हणजे कोलंबो आम्हांला दिल्लीपेक्षाही जवळ, आणि शिखरजीपेक्षा जवळजवळ दोनशे किलोमीटरांनी अलीकडे. घड्याळाचा काटाही हलवावा लागत नाही, कारण श्रीलंकेची प्रमाणवेळ आपलीच आहे. मुंबईहून थेट विमान अडीच-पावणेतीन तासांत पोचते. फेब्रुवारीत कोलंबोला सूर्यास्त सव्वासहानंतर होतो. महिना चातुर्मासाबाहेरचा, आणि त्या बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर पावसाची उघडीप असलेला. असे असूनही हे नाव माझ्या रजिस्टरात का आले नाही? कारण कोणी सुचविलेच नाही. दुबईला जाऊन आलेला माणूस लग्नकार्यात चार ठिकाणी सांगतो. श्रीलंकेला जाऊन आल्याचे कोणी विशेष सांगत नाही. आम्ही ठिकाण निवडत होतो असे मला वाटत होते. खरे पाहता इतरांची निवड मी रकान्यांत भरीत होतो.

हरकती निघाल्याच. मित्रमंडळींत एकजण म्हणाले, "दिवाळखोरीत गेलेला देश तो." २०२२ च्या एप्रिलमध्ये श्रीलंकेने विदेशी कर्जाची परतफेड थांबविली होती, हे खरे. पेट्रोलच्या रांगा आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिल्या. परंतु २०२३ च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे तीन अब्ज डॉलरच्या साहाय्याचा कार्यक्रम मंजूर केला आणि व्यवहार हळूहळू रुळांवर आले. थकलेले खाते सावरत असताना त्याच्याकडे पाठ फिरवू नये, असे मी बँकेत मानत आलो. पाहुण्याच्या नात्यानेही तेच मानावे. आपला एक रुपया तेव्हा तेथील सुमारे ३.४ रुपयांना पडत होता. हळदीच्या पेठेतील एका जुन्या खातेदारांनी वेगळीच आठवण दिली. २०२० च्या सुमारास श्रीलंकेने हळदीच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा तेथे हळदीचे भाव गगनाला भिडले होते. "साहेब, आपल्या सांगलीचं पिवळं सोनं त्यांना तेव्हा कळलं," असे म्हणून त्यांनी मला निरोप दिला.

ज्यांना अशी पहिली सहल ठरवायची आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी येथेच नोंदवितो. श्रीलंकेसाठी निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवासपरवानगी घ्यावी लागते. नियम आणि शुल्क बदलत असल्याने ते अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत. विमानाचे तिकीट काढताना जैन आहाराची मागणी वेगळी नोंदवावी. तिची खूण व्हीजेएमएल अशी असते आणि ती किमान एक दिवस आधी नोंदविलेली असावी. विमान शक्यतो सकाळचे घ्यावे. सायंकाळच्या विमानात ताट पुढे येते तेव्हा खिडकीबाहेर अंधार पडलेला असतो. प्रवास कंपनीकडून संपूर्ण सहल घेतल्यास तीवर उगमस्थानी कर घेतला जातो, तो आयकर विवरणपत्रात आपल्या खाती जमा धरून घ्यावा. पुष्कळ लोक हे विसरतात. आणि आहाराबाबत एक सावधगिरी. श्रीलंकेत भाजी दिसली म्हणजे ती शाकाहारी असेलच असे नाही. उंबलकड नावाचे सुकविलेल्या माशाचे तुकडे तेथे चटणीत आणि भाजीतही घालतात. हा शब्द पाठ करून जावा आणि प्रत्येक ठिकाणी तो उच्चारून विचारावे. कोलंबोच्या वेल्लवत्ते भागात तमिळ बांधवांची शुद्ध शाकाहारी भोजनालये आहेत, पण कांदा, लसूण आणि बटाटा तेथेही असतो. आम्ही लहान स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, विजेचा छोटा कुकर, मूगडाळ, तांदूळ, दशम्या, मेतकूट आणि पाणी गाळण्याचे वस्त्र सोबत नेले. पाचही दिवस सूर्यास्तापूर्वी आमचे जेवण झाले.

निघण्याच्या तयारीत असताना एक गोष्ट वाचनात आली आणि कोलंबोबरोबर अनुराधपुराचे नाव कार्यक्रमात चढले. महावंस हा पाली भाषेतील श्रीलंकेचा प्राचीन बौद्ध इतिहासग्रंथ. पंडुकाभय राजाने अनुराधपुर वसविले तेव्हा तेथे निर्ग्रंथांसाठी निवासस्थाने बांधली, असे त्यात सांगितले आहे. निर्ग्रंथ म्हणजे आपले मुनी. महेंद्र स्थविर बौद्ध धर्म घेऊन तेथे पोचण्याच्या पूर्वीची ही गोष्ट. पुढे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात वट्टगामणी अभय हा राजा युद्धात हरून पळत असताना गिरी नावाच्या निर्ग्रंथाने "काळा सिंहली पळतो आहे" अशा अर्थाचे उद्गार काढले. राज्य परत मिळाल्यावर राजाने तो आश्रम पाडून तेथे बौद्ध विहार बांधविला. राजाचे नाव अभय आणि मुनीचे नाव गिरी, म्हणून तो अभयगिरी विहार, असे महावंस सांगतो.

कोलंबोहून अनुराधपुर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. आम्ही पहाटे निघालो. अभयगिरीचा विटांचा प्रचंड स्तूप, दूरवर पसरलेले अवशेष, मोठमोठे जुने वृक्ष आणि पांढरी वस्त्रे नेसलेले, हातांत कमळे घेतलेले शांत भाविक. निर्ग्रंथांच्या आश्रमाची म्हणून दाखविता येईल अशी एकही वीट आमच्यासमोर नव्हती. सौभाग्यवती एका झाडाखाली बसल्या, पिशवीतून जपमाळ काढली आणि त्यांनी णमोकार मंत्राची एक माळ पूर्ण केली. नंतर मी त्यांना गिरी मुनींची कथा पुन्हा सांगितली. त्या ऐकून थोडा वेळ स्तूपाकडे पाहत राहिल्या.

"भाषासमिती पाळली असती, तर विहार राहिला असता," त्या म्हणाल्या.

मला हसू आले, आणि पुढच्याच क्षणी दुबईची नोंदणी करताना काढलेले माझे शब्द आठवले. "मी सगळं ठरवून टाकलंय," असे मी म्हणालो होतो. पाडले गेलेले काही नव्हते, हे आमचे भाग्य.

उरलेल्या दिवसांत आम्ही कँडी पाहिले आणि शेवटच्या सायंकाळी कोलंबोच्या समुद्रकाठी गॉल फेसच्या हिरवळीवर बसलो. साडेपाचच्या आत जेवून आलो होतो, त्यामुळे सूर्य मावळताना घाई नव्हती. यांनी विचारले, "इथून शिखरजी कुठल्या दिशेला?" मी हाताने ईशान्य दाखविली. त्यांनी तिकडे तोंड करून हात जोडले. मी बँकेच्या परीक्षांपासून निवृत्तीपर्यंत ज्या दिवसाची वाट पाहिली, तो परदेशातील दिवस हाच होता. त्यात उंच इमारती नव्हत्या आणि सोन्याची बाजारपेठही नव्हती. माझ्याशेजारी माझी पत्नी होती. दुबईला मी गेलो असतो, तर तेवढेच नसते.

परतताना साताऱ्यास थांबलो. मेहुण्यांनी दुबईची छायाचित्रे दाखविली. सहल उत्तम झाली होती आणि आचाऱ्याचे त्यांनी तोंडभरून कौतुक केले. ज्यांची मर्यादा वेगळी आहे त्यांनी दुबईला अवश्य जावे. निघताना ते हळूच म्हणाले, "दाजी, अक्काचं वर्तुळ मलाही काढून द्या. सातारा मध्य धरून." ते व्रत घेणार आहेत की नुसते कुतूहल होते, हे मी विचारले नाही.

मी स्वतः अद्याप दिग्व्रत घेतलेले नाही. घ्यावे असे मनात येते आणि मालदीवच्या काठासारखे तेथेच थबकते. एक गोष्ट मात्र केली आहे. माझ्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावर, जेथे मी पूर्वी खातेक्रमांक आणि मुदतठेवींच्या तारखा लिहीत असे, तेथे सौभाग्यवतींची सगळी व्रते त्यांच्याकडून विचारून, घेतल्याच्या वर्षासह लिहून काढली आहेत. एकंदर अकरा निघाली. त्यांपैकी मला चार ठाऊक होती.

जय जिनेंद्र.